कार्पाती गेला, हिर्शल गेला नाही

१९३६ चा ऑगस्ट नुकताच लागला होता. बर्लिनच्या डॉइचलांडहाले या अवाढव्य सभागृहात ऑलिम्पिकच्या फ्रीस्टाइल कुस्त्या चालू होत्या. लाइटवेट गटात, म्हणजे ६६ किलोपर्यंतच्या मल्लांत, पहिला आला हंगेरीचा कारोय कार्पाती. दुसरा जर्मनीचा वोल्फगांग एर्ल, तिसरा फिनलंडचा हेर्मानी पिह्लायामाकी. कार्पाती ज्यू होता. महिन्याभरापूर्वीच त्याला तीस वर्षं पूर्ण झाली होती.

कार्पातीची गोष्ट सहसा इथेच संपवतात. ज्यू मल्लाने हिटलरच्या राजधानीत, हिटलरच्या माणसाला मागे टाकून सुवर्णपदक नेलं. सांगणाऱ्याची छाती फुगते, ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. पण कार्पाती त्यानंतर साठ वर्षं जगला. त्या साठातली पहिली नऊ वर्षं बाजूला ठेवल्याशिवाय ही गोष्ट अशी गोड शेवटाची होत नाही, आणि ती बाजूला ठेवायला माझं मन घेत नाही.

एगेर हे हंगेरीतलं जुनं, किल्ल्याचं गाव. कार्पातीचा जन्म तिथला, १९०६ चा. जन्माचं आडनाव केल्नर. त्या काळच्या हंगेरीत कितीतरी ज्यू कुटुंबांनी जर्मन वळणाची आडनावं सोडून हंगेरियन आडनावं घेतली. १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये पोहण्याच्या दोन शर्यती जिंकून हंगेरीला पहिलंवहिलं सुवर्ण मिळवून देणारा आल्फ्रेड हायोश हाही जन्माने गुटमान. आम्ही हंगेरियनच आहोत, फक्त प्रार्थनेची जागा वेगळी, असं मानणारा हा समाज होता. कुस्तीतही त्यांचा मान मोठा. १९०८ साली लंडनला हंगेरीचं कुस्तीतलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारा धिप्पाड रिचर्ड वाइस ज्यूच होता.

पण कार्पाती चौदा वर्षांचा होता तेव्हाच, १९२० साली, हंगेरीने विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आणणारा कायदा केला होता. जर्मनीत हिटलर सत्तेवर यायला तेव्हा तेरा वर्षं अवकाश होता. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळं वाईट जर्मनीतून आलं आणि बाकीचे देश नुसते त्याच्या तडाख्यात सापडले, असं समजण्याची आपल्याकडे सवय आहे. कार्पाती ज्या देशाचं नाव छातीवर लावून लढला, त्या देशाने त्याला आपलं मानण्यात हात आखडता घेतला होता तो फार आधीपासून.

त्याची कारकीर्द तीन ऑलिम्पिकांची. १९२८ ला आम्सटरडॅममध्ये तो बावीस वर्षांचा होता. चौथा आला. सुवर्ण एस्टोनियाच्या ओस्वाल्ड कॅपने नेलं, रौप्य फ्रान्सच्या शार्ल पाकोमने. तालमीत वाढलेल्या कुणालाही विचारा, पहिल्याच फेरीत उताणा पडलेला मल्ल रात्री झोपतो, चौथा आलेला झोपत नाही. १९३२ ला लॉस एंजेलिस. मंदीचे दिवस. युरोपातून आधी जहाज, मग अख्खी अमेरिका ओलांडणारी आगगाडी, एवढा प्रवास परवडणारे देश थोडे होते आणि त्या ऑलिम्पिकला खेळाडूही आदल्या खेपेपेक्षा निम्मेच आले. कार्पाती गेला. या वेळी रौप्य. पुढे होता तोच पाकोम. मग बर्लिन. तिशी आलेला मल्ल, बाविसाव्या वर्षापासून त्याच एका पदकाच्या मागे. अधल्यामधल्या वर्षांत युरोपच्या स्पर्धांत पदकं होती, हंगेरीत तर तो वर्षानुवर्षं अव्वल होता. पण चौथा, दुसरा, पहिला, हे आठ वर्षांतले तीन आकडे ओळीने मांडले की त्यामागचं वजन राखणं, दुखरे खांदे, चेपलेले कान आणि रोजची तीच ती मेहनत न सांगता कळते. त्यात हौशी खेळाडूंचे नियम कडक. कुस्तीवर पैसा घेतला की ऑलिम्पिकचं दार बंद. आपल्याकडच्या पैलवानाला निदान फडातलं इनाम होतं, संस्थानिकांचा आश्रय होता; या लोकांना तेही चालत नव्हतं.

त्या काळच्या ऑलिम्पिक कुस्तीत आजच्यासारखी एक ठरलेली अंतिम लढत नसायची. गुण मिळायचे ते दंडाचे. समोरच्याला चीतपट केलं तर तुमच्या नावावर शून्य, पंचांच्या निकालावर जिंकलात तर एक, हरलात तर त्याहून जास्त. पाच दंडगुण झाले की गाशा गुंडाळायचा. म्हणजे जिंकूनही तुम्ही थोडे थोडे झिजत असता. खडाखडी करत, जेमतेम निकाल आपल्या बाजूला ओढत चाललेला मल्ल एकही लढत न हरता अडचणीत येऊ शकतो. खांदे टेकवण्याला या पद्धतीत फार मोल होतं आणि आपल्या मातीतल्या कुस्तीच्या माणसाला हे लगेच पटेल, कारण आपल्याकडे पाठ लागल्याशिवाय निकालच मानायचे नाहीत. अशा हिशोबातून तीन दिवस पार पडून कार्पाती एर्लच्या पुढे राहिला. एर्ल काही कच्चा गडी नव्हता. लॉस एंजेलिसला ग्रीको-रोमन प्रकारात त्यानेही रौप्य जिंकलं होतं, बर्लिनमध्ये घरचं मैदान होतं आणि वयही त्याच्या बाजूला होतं.

आता त्या मॅटजवळ जरा थांबू.

धावण्याच्या शर्यतीत शेजारच्याला स्पर्श न करता त्याला हरवता येतं. तलवारबाजीत मध्ये पातं असतं, मुष्टियुद्धात मोजे असतात. कुस्तीत मध्ये काहीच नाही. कपाळाला कपाळ भिडतं. त्याच्या मानेवरचा घाम तुमच्या गालावर उतरतो. मानेमागे हात टाकून तुम्ही त्याला खाली ओढता तेव्हा त्याच्या छातीतली धडधड तुमच्या मनगटाला कळते. त्याने दम कधी घेतला, कधी सोडला, हे डोळ्यांच्या आधी कातडीला समजतं. एकेरी पट काढायला वाकलात तर त्याच्या मांडीला तुमचा चेहरा घासतो. दोन माणसं इतकी जवळ एरवी फार थोड्या वेळा येतात.

आणि हे चालू होतं त्या जर्मनीत, जिथे अकरा महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १९३५ मध्ये, न्युर्नबर्गचे कायदे झाले होते. ज्यू आणि जर्मन यांच्यात लग्न गुन्हा. लग्नाबाहेरचा संबंध गुन्हा. पंचेचाळीसच्या आतल्या जर्मन बाईने ज्यू घरात कामाला राहायचं नाही. १९३३ पासून व्यायामशाळांनी, क्लबांनी ज्यू सभासदांची नावं कापली होती. कितीतरी गावांत पोहण्याच्या तलावांवर त्यांना बंदी होती, कारण एकाच पाण्यात उतरायचं कसं? ही विटाळाची कल्पना आपल्या ओळखीची आहे. पाणवठा, स्पर्श, सावली, यांवरून माणसाला माणसापासून दूर ठेवण्याची रीत महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. म्हणून मला बर्लिनच्या त्या मॅटवर पदकापेक्षा स्पर्श जास्त महत्त्वाचा वाटतो. जे राज्य एका तलावातल्या पाण्याला घाबरत होतं, त्याच्या राजधानीत, त्याच्याच प्रेक्षकांच्या समोर जर्मन मल्लाला ज्यू मल्लाच्या अंगाला अंग लावावं लागलं. कुस्ती दुसऱ्या कशानेही होत नाही. एर्लच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. त्याला मी उगाच खलपुरुष करणार नाही. पण ज्या कायद्याखाली तो राहत होता तो कायदा त्या काही मिनिटांपुरता मॅटच्या कडेला थांबला होता.

तेवढ्या मिनिटांपुरताच. बर्लिनच्या रस्त्यांवरचे ज्यूविरोधी फलक पाहुण्यांसाठी उतरवून ठेवले होते आणि पाहुणे गेल्यावर ते पुन्हा लागले. ग्रेटेल बर्गमान ही जर्मन ज्यू मुलगी उंच उडीत १.६० मीटर ओलांडत होती, जर्मन विक्रमाची बरोबरी. अमेरिकेने बहिष्कार घालू नये म्हणून तिला सरावशिबिरात दाखवायला ठेवलं आणि अमेरिकेचं पथक निघाल्यावर पत्र पाठवून वगळलं. त्या स्पर्धेचं सुवर्ण जिंकणारी इबोया चाक हंगेरीची होती आणि तीही ज्यूच. हंगेरीची या ऑलिम्पिकमधली सुवर्णपदकं दहा. त्यांतली किती ज्यू खेळाडूंच्या हातून आली ते बघण्यासारखं आहे: कार्पाती, चाक, तलवारबाज एंद्रे काबोश, वॉटरपोलोच्या संघातले दोघे. हंगेरीने ही पदकं आनंदाने मोजून घेतली.

योगायोग म्हणजे त्याच बर्लिनमध्ये आपली अमरावतीची मंडळीही होती. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक ऑलिम्पिकच्या निमित्ताने तिथे गेलं आणि त्यांनी कबड्डीसारखे आपले देशी खेळ जर्मनांना करून दाखवले. अंगात कमावलेलं बळ घेऊन, स्वखुशीने, लांबून आलेली पोरं. त्यांना त्या शहराने स्वच्छ रस्ते, फडकती निशाणं आणि टाळ्या दाखवल्या. बहुतेक पाहुण्यांना तेवढंच दिसलं.

मग जो गेला नाही त्याच्याबद्दल.

निकोलाउस हिर्शल, लोक त्याला मिकी म्हणत. कार्पातीच्याच वयाचा, १९०६ चाच जन्म, पण व्हिएन्नाचा आणि वजनाने हेवीवेट. लॉस एंजेलिसला त्याने फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन अशा दोन्ही प्रकारांत कांस्य मिळवलं. एकाच ऑलिम्पिकमध्ये, एवढ्या अवजड गटात, दोन वेगळ्या पद्धतींच्या कुस्त्यांत पदक म्हणजे काय हे मॅटवर उतरलेल्यालाच नीट कळेल. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हातच लावायचा नसतो. पटाच्या सवयीचा मल्ल तिथे अर्धा लुळा होतो. हिर्शल दोन्हीकडे टिकला.

तो हाकोआ व्हिएन्ना या क्लबचा. १९०९ साली निघालेला हा ज्यू लोकांचा क्लब, आणि हे लोक आपली ओळख झाकत नव्हते. छातीवर डेव्हिडचा तारा लावून खेळायचे. सामन्यांच्या वेळी शिवीगाळ व्हायची, हाणामारीची वेळ यायची, आणि अशा वेळी क्लबचे पैलवान आपल्या खेळाडूंच्या संरक्षणाला उभे राहायचे. बुडापेस्टच्या आणि व्हिएन्नाच्या ज्यूंमधला फरक मला या दोन मल्लांत दिसतो. एकाने देशाचं नाव आडनावात घेतलं, दुसऱ्याने समाजाची खूण कपड्यावर घेतली.

बर्लिनचं बोलावणं आलं तेव्हा हिर्शल म्हणाला, नाही. हाकोआच्या पोहणाऱ्या मुलींनीही तेच सांगितलं. युडिथ डॉइच ही ऑस्ट्रियातली त्या वेळची अग्रगण्य जलतरणपटू. तिच्या नकाराबद्दल ऑस्ट्रियाच्या संघटनेने तिच्यावर बंदी घातली, तिचे विक्रम पुसले. लक्षात घ्या, ऑस्ट्रिया तेव्हा स्वतंत्र देश होता. जर्मन फौजा यायला अजून दोन वर्षं होती.

तिसाव्या वर्षी ऑलिम्पिक सोडणं म्हणजे ऑलिम्पिक कायमचंच सोडणं. पुढचं १९४० चं झालंच नाही, १९४४ चंही नाही. हिर्शलला हे पुढचं ठाऊक नव्हतं, पण चौतिसाव्या वर्षी पुन्हा संधी येईल अशी आशा कुठला शहाणा मल्ल धरेल? दोन कांस्यांवर सोन्याची वाट त्याने स्वतःच्या हाताने बंद केली. १९३८ ला ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झालं, हाकोआ मोडलं, हिर्शल पॅलेस्टाईनला निघून गेला, ब्रिटिश सैन्यात लढला आणि नंतर ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला. तिथेच १९९१ साली वारला.

मग बरोबर कोण? हा प्रश्न या दोघांची नावं एकत्र आली की उठतोच, आणि मी तो टाळणार नाही. हिर्शलचा नकार मला जास्त मोठा वाटतो. पदक न घेता जो माणूस आपली जागा रिकामी ठेवतो त्याचा फोटो कुठे छापून येत नाही, राष्ट्रगीत वाजत नाही. पण म्हणून कार्पाती चुकला असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. तो गेला नसता तर सोनं एर्लच्या गळ्यात पडण्याची शक्यता मोठी होती, आणि श्रेष्ठ वंशाची बढाई मारणाऱ्यांना आणखी एक दाखला मिळाला असता. शिवाय हिर्शलच्या पाठीशी क्लब होता, सोबत नकार देणारी माणसं होती. कार्पातीचा समाज हंगेरियन असल्याचं रोज नव्याने सिद्ध करत होता. देश बोलावतोय आणि ज्यू पैलवान येत नाही म्हणतोय, याचा बुडापेस्टमध्ये काय अर्थ काढला गेला असता? त्याने जाऊन जिंकून दाखवलं. सिद्ध करायचं ते सोन्यात सिद्ध केलं.

त्याच बर्लिनमध्ये ग्रीको-रोमन कुस्तीत आणखी एक मल्ल उतरला होता, वेर्नर झेलेनबिंडर. हा जर्मन, कम्युनिस्ट, बर्लिनचा कामगार. १९३३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत जिंकूनही नाझी सलाम करायला त्याने नकार दिला आणि त्याबद्दल तुरुंग आणि बंदी भोगली. ऑलिम्पिकच्या विजयमंचावर चढून सगळ्या जगासमोर निषेध करायचा त्याचा बेत होता. पहिलीच लढत तो हरला आणि शेवटी चौथा आला. मंचावर पाय पडलाच नाही. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये नाझींनी त्याला मृत्युदंड दिला. एक जण न जाऊन बोलला, एक जण जिंकून, आणि एकाला बोलायचं होतं पण एका कुस्तीने घात केला. या तिघांत झेलेनबिंडरबद्दल मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते.

बर्लिनहून परतल्यावर कार्पातीला मानसन्मान मिळाला असेलच. पण १९३८ साली हंगेरीने पहिला मोठा ज्यूविरोधी कायदा केला: वकिली, डॉक्टरी, पत्रकारिता, कचेऱ्यांतल्या नोकऱ्या, सगळीकडे ज्यूंचं प्रमाण जास्तीत जास्त वीस टक्के. लगेच १९३९ ला दुसरा कायदा, प्रमाण सहा टक्क्यांवर. १९४१ ला तिसरा, ज्यू आणि ज्यूएतर यांच्या लग्नावर बंदी. न्युर्नबर्ग बुडापेस्टला पोचायला सहा वर्षं लागली. जर्मन फौजांनी हंगेरी व्यापली ती मात्र १९४४ मध्ये. हे तीनही कायदे हंगेरीच्या स्वतःच्या संसदेने केले.

ज्यूंच्या हाती बंदूक देण्याइतका विश्वास उरला नव्हता, पण युद्धाला माणसं तर हवी होती. म्हणून श्रमतुकड्या काढल्या. गणवेश नाही, घरून आणलेल्या कपड्यांवर दंडाला पिवळी पट्टी. कामं खंदक खणायची, रस्ते मोकळे करायचे, सुरुंग काढायचे. हंगेरीची दुसरी सेना १९४२ मध्ये दोन लाखांच्या आसपास सैनिक घेऊन डॉन नदीकाठी गेली तेव्हा या तुकड्याही सोबत नेल्या. तिथल्या थंडीत, उपासमारीत आणि पहारेकऱ्यांच्या मारात माणसं किड्यामुंगीसारखी मेली. ऑलिम्पिक विजेता कारोय कार्पाती या श्रमतुकडीत होता.

आणि तिथे त्याला अटिला पेट्शाउअर दिसला.

पेट्शाउअर हा सेबर या तलवारीच्या प्रकारातला खेळाडू. १९२८ आणि १९३२ अशी दोन सांघिक सुवर्णपदकं, आम्सटरडॅमला वैयक्तिक रौप्यही. दोन ऑलिम्पिकना तो आणि कार्पाती एकाच पथकात होते. गप्पिष्ट, देखणा, बुडापेस्टचा लाडका. पुढे जे घडलं ते कार्पातीने सांगितलेलं आहे. जानेवारी १९४३, आघाडीवरचं दाविदोव्का. तिथल्या एका हंगेरियन अधिकाऱ्याने पेट्शाउअरला ओळखलं. तो अधिकारीही १९२८ च्या ऑलिम्पिकला गेलेला, घोडेस्वारीच्या पथकातला. जुन्या ओळखीने आधार मिळेल असं वाटण्याजोगा क्षण. त्या अधिकाऱ्याने पहारेकऱ्यांना या ज्यूकडे जरा बघा म्हणून सुचवलं. पहारेकऱ्यांनी पेट्शाउअरला, ऑलिम्पिकचा मोठा खेळाडू ना तू, असं हिणवत भर थंडीत कपडे उतरवायला लावले, झाडावर चढायला लावलं, कोंबड्यासारखं आरवायला लावलं आणि वरून पाण्याचे फवारे मारले. पाणी अंगावर गोठलं. त्यातच तो गेला.

मी हे अनेकदा वाचलंय, आणि दर वेळी त्यातली एकच गोष्ट घशात अडकते. पहारेकऱ्यांनी त्याला त्याच्या पदकामुळे निवडलं. तो कुणी साधा शिंपी, मास्तर असता तर त्या दिवशी कदाचित नजरेआड राहिला असता. सात वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये ज्याने जर्मनांना मागे टाकून हंगेरीचं गीत वाजवायला लावलं, तो कार्पाती हे बघत उभा होता, दंडाला पिवळी पट्टी, आणि ज्यांच्यासाठी गीत वाजलं होतं त्यांच्याच हातात बंदुका होत्या. बर्लिनच्या विजयाला हिटलरच्या तोंडावर मारलेली चपराक म्हणणाऱ्यांना मला हे सांगायचं असतं. हिटलरला पुढे टाकून आपण हंगेरियन अधिकाऱ्याला मागच्या दाराने सोडून देतो.

काबोश, बर्लिनला सेबरमध्ये दोन सुवर्णं जिंकलेला, तोही श्रमतुकडीत होता. ४ नोव्हेंबर १९४४ रोजी बुडापेस्टच्या मार्गारेट पुलावर जर्मनांनी पेरलेली स्फोटकं उडाली, तेव्हा पुलावर असलेल्या माणसांत तोही मेला. त्याआधी, मे ते जुलै १९४४, आठ आठवड्यांच्या आत हंगेरीच्या खेड्यापाड्यांतून चार लाख तीस हजारांवर ज्यू आगगाड्यांत भरून पाठवले गेले, बहुतेक आउशविट्झला. एगेरचे ज्यूही त्यांतच.

कार्पाती वाचला. आणि मग त्याने जे केलं ते मला बर्लिनपेक्षा कितीतरी अवघड वाटतं: तो हंगेरीतच राहिला आणि हंगेरीच्या मल्लांना कुस्ती शिकवू लागला. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला, कुस्तीवर लिहिलं. हंगेरीची कुस्ती युद्धानंतर जगात पुन्हा उभी राहिली त्यात त्याचे हात आहेत.

युद्धानंतरच्या ऑलिम्पिकांत ज्यू मल्ल पुन्हा दिसू लागले. न्यूयॉर्कच्या पोलीस दलातला हेन्री विटेनबर्ग १९४८ ला लंडनमध्ये लाइट हेवीवेटचा विजेता झाला आणि १९५२ ला हेलसिंकीत दुसरा. हेलसिंकी म्हटल्यावर मराठी माणसाचे कान टवकारतातच. तिथल्या मेसुहाल्ली सभागृहात २३ जुलै १९५२ ला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेतलं. त्यांनी नि विटेनबर्गने एकाच मांडवात कुस्त्या केल्या, आणि पुढे खाशाबाही पोलिसांतच गेले.

फ्रीस्टाइल संपल्यावर त्याच मॅटवर ग्रीको-रोमन सुरू झालं. फेदरवेटचं सुवर्ण जिंकलं सोव्हिएत संघाच्या याकोव्ह पुन्किनने. हा झापोरिझ्झियाचा ज्यू. सोव्हिएत सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडला होता. ज्यू असल्याचं कळलं असतं तर तिथल्या तिथे गोळी घातली असती, म्हणून त्याने आपण मुसलमान असल्याचं सांगितलं आणि सुंता झालेल्या अंगाला तेवढं एक कारण पुरलं. छावणीतून सुटला तेव्हा हाडांचा सापळा उरला होता. सात वर्षांत त्या सापळ्यावर त्याने पुन्हा मांस चढवलं, मान उभी केली, पाठ रुंद केली, आणि जगातल्या उत्तम मल्लांना उचलून आपटलं. हेलसिंकीच्या त्या आठवड्याबद्दल महाराष्ट्रात बोलताना पुन्किनचं नाव कुणी घेत नाही, आणि ते घ्यावं असं मला फार वाटतं. खाशाबांच्या कुस्त्या झाल्या त्याच गादीवर हा माणूस चार दिवसांनी उभा होता. त्याच्या मागे दुसरा आला हंगेरीचा इम्रे पोयाक, हे धरून तीन ऑलिम्पिक ओळीने रौप्यावर थांबून चौथ्यात, १९६४ च्या टोकियोत, सुवर्ण मिळवणारा.

कार्पाती १९९६ च्या सप्टेंबरात बुडापेस्टमध्ये वारला, नव्वद वर्षांचा होऊन. त्याला भेटता आलं असतं तर बर्लिनबद्दल मी फारसं काही विचारलं नसतं. त्याबद्दल सगळ्यांनीच विचारलं असणार. मला विचारायचं होतं ते १९४५ नंतरच्या पहिल्या दिवसांबद्दल. प्रशिक्षक नुसता काठावर उभा राहून शिकवत नाही, डाव अंगाला लावून दाखवावा लागतो. समोर येणारी पोरं वीस-पंचविशीची, काल-परवापर्यंत कुठल्या ना कुठल्या गणवेशात असलेली. त्यांतला कोण दाविदोव्काच्या बाजूला होता, कुणाचा बाप, कुणाचा भाऊ होता, हे त्याला माहीत नव्हतं, विचारायची सोयही नव्हती. पहिल्यांदा कपाळाला कपाळ लावलं तेव्हा समोर कोण होतं, आणि मानेमागे पडलेला हात त्याने लगेच पडू दिला का?